बेरार्दोचा उलटा डोंगर

लोरेताच्या पत्राला एर्मेतेने उत्तर लिहिले नव्हते. लिहायला तो अनेकदा बसला होता, आणि दर वेळी 'आपले पत्र मिळाले' या ओळीपाशी थांबून त्याने कागद घडी करून ठेवला होता. आता तो तिच्याच दारात उभा होता. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात सुल्मोनाच्या साखरबदामांचा पुडा. कडी वाजवायची की खाली जाऊन परतीच्या बसची वाट पाहायची, याचा निर्णय होत नव्हता.

दार आतूनच उघडले. पिठाने माखलेल्या हातांची, पन्नाशीची एक बाई उंबऱ्यात उभी होती.

"बस येऊन कधीची गेली," ती म्हणाली. "तेव्हापासून उभे आहात. समोरच्या म्हातारीनं खिडकीतून ओरडून सांगितलं मला, तुझ्या पायरीवर कर वसूल करणारा आलाय म्हणून."

"मी एर्मेते सान्तिल्ली. सुल्मोनाहून आलो. तुम्ही मला एक पत्र…"

"पुस्तकवाले!" तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मला वाटलं होतं उंच असाल. या. बूट पुसा मात्र. चिखल प्रोफेसरचा असला तरी चिखलच."

"मी प्रोफेसर नाही. वाचनालयात ग्रंथपाल होतो."

"हे बाबांसमोर बोलू नका," लोरेता आवाज खाली आणून म्हणाली. "इतकी वर्षं रागावलेत तुमच्यावर. निदान प्रोफेसरवर रागावलो होतो असं तरी राहू दे त्यांचं."

पत्र सप्टेंबरात आले होते. साधे, रेघांच्या कागदावरचे, आणि त्यात एकही शब्द फुकट गेलेला नव्हता. रोक्कास्पीनाच्या जुन्या लोकरीच्या कोठारात गावाने एक संग्रहालयाची खोली करायला घेतली होती. मे महिन्यात कळप वर येतात त्या जत्रेला ती उघडायची होती. लोरेताच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक तैलचित्र होते, विसावलेल्या कळपाचे. ते बेरार्दो तोमास्सेत्तीने काढलेले आहे असे तिचे वडील दोनातो मानत होते, आणि बेरार्दो तर याच गावचा, धनगराचा मुलगा, दोनशे वर्षांपूर्वी नेपल्सच्या सरदारांसाठी मेंढ्या रंगवणारा. दोनातो चित्र द्यायला तयार होता. पण महापौरांनी एर्मेतेचे पुस्तक उघडून दाखवले होते आणि चित्राखाली 'अज्ञात नकलाकार' अशी पाटी लावायचे ठरवले होते. ईस्टरनंतर पाट्या रंगवायला जाणार. बाबा म्हणतात, असल्या पाटीवर माझे चित्र टांगू देणार नाही, असे लोरेताने लिहिले होते. आणि शेवटी: 'तुम्ही आमचे चित्र कधी पाहिले आहे का? पाहिले नसेल तर या. मग जे खरे वाटेल ते लिहून कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, पण पाहून म्हणा.'

हे शेवटचे वाक्य एर्मेतेच्या जिव्हारी लागले होते, कारण त्याने चित्र पाहिलेले नव्हते. पुस्तक लिहिताना तेव्हाच्या पाद्रीबाबांनी त्याला पोस्टकार्डाएवढा एक करडा फोटो पाठवला होता. त्यात एवढे नक्की दिसले की मागचा मायेल्लाचा डोंगर उलटा आहे. जी बाजू उजवीकडे हवी ती डावीकडे आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर छापले की आरशातल्यासारखे उलटे उमटते. तेव्हा कुणीतरी छापील चित्र समोर ठेवून ही नक्कल केली असणार. एर्मेतेने तळटिपेत दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती अजून त्याच्या पलंगाखाली होत्या, आणि त्यातली बरीच पाने आता त्याला नकोशी वाटत. पण ही तळटीप त्याला आवडत असे. एवढी चलाखी त्याला आयुष्यात फार वेळा साधली नव्हती.

दोनातो आतल्या खोलीत खिडकीशी बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. त्याने साखरबदामांचा पुडा घेतला, नाकाशी नेला आणि मांडीवर ठेवला.

"दात असते तेव्हा यायचं होतं," तो म्हणाला.

"बाबा!"

"अगं, स्वागतच करतोय. बसा, पुस्तकवाले. आमच्या घराला गाव काय म्हणतं ठाऊक आहे? उलटे. मी दोनातो उलटा. माझा बाप उलटा. ही शाळेत गेली तर मास्तरीण म्हणे, ही उलट्यांची पोर ना?"

"माझ्या पुस्तकामुळे?"

"छे हो! तुमच्या जन्माआधीपासून. चित्र बघायला जो आला तो हसून गेला. तुम्ही फक्त शिक्का मारलात." त्याने काठीने भिंतीकडे खूण केली. "ते बघा. माझ्याकडे काय बघताय?"

एर्मेतेने मागे वळून पाहिले.

चित्र त्याच्या कल्पनेपेक्षा मोठे होते. दोन हात पसरले तरी पुरले नसते. धुराने वरचा कोपरा तपकिरी झाला होता. दुपार असावी, किंवा दुपार नुकतीच कलली असावी. सपाट, मोकळ्या जमिनीवर कळप बसलेला. कुणी रवंथ करते आहे, कुणी मान पोटाशी वळवून झोपले आहे. उजवीकडे गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असलेला पांढरा कुत्रा एक डोळा उघडा ठेवून लवंडलेला. मधोमध एक धनगर काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी टेकून पाठमोरा उभा. आणि त्याच्या पलीकडे, अर्धे आभाळ व्यापून, बर्फाने पांढरा झालेला डोंगर.

एर्मेते जवळ गेला. त्याने चष्मा काढला. जवळचे त्याला तसेच बरे दिसे. लोकर रंगवलेली नव्हती, म्हणजे केस केस काढलेले नव्हते. आधी पिवळसर पांढरा रंग जाड लावून तो ओला असतानाच कुंचल्याच्या लाकडी टोकाने ओरखडे ओढले होते, आणि त्या ओरखड्यांतून खालचा तांबूस थर उबेसारखा वर आला होता. पाठीवर पाऊस वाळून लोकर चिकटलेली, पोटाखाली चिखलाने गुठळ्या झालेली, गळ्याशी मऊ. बोट लावले तर तेलकट होईल असे वाटले. नेपल्सच्या संग्रहालयात बेरार्दोच्या चित्रासमोर तो तरुणपणी एक अख्खी सकाळ उभा होता, पहारेकऱ्याला संशय येईपर्यंत. तिथेही हेच ओरखडे होते. पण तिथल्या मेंढ्या सरदाराच्या दिवाणखान्यात जायच्या म्हणून न्हाऊन आल्यासारख्या होत्या. या न्हालेल्या नव्हत्या.

"ती डावीकडची म्हातारी," मागून दोनातो म्हणाला. "पुढचे दात गेलेत तिचे, ओठ बघा कसा आत गेलाय. माझ्यासारखा. आणि तिच्या मागं ती पहिलटकरीण."

"कुठली?"

"पिलू पितंय ती. तोंड बघा की तिचं! पहिलंच वेत. खाली काय चाललंय ते तिला समजत नाहीये, पण हलायचं नाही एवढं समजलंय."

एर्मेतेने पाहिले. खरेच ती मेंढी पाय फाकवून, मान किंचित वर करून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत घाबरलेला, आज्ञाधारक असा एक भाव होता. तो काढायला दोन ठिपके आणि एक रेघ एवढाच रंग लागला होता.

"मेंढ्यांत एक चूक दाखवा," दोनातो म्हणाला. "डोंगराचं मी कबूल करतो. डोंगर उलटा आहे, आणि वर बर्फ. आता बर्फ असताना कळप इथं असतो का? ऑक्टोबरात खाली जायचं, मेमध्ये वर यायचं. मी सगळे हिवाळे रोमच्या माळावर काढले, माझ्या बापानं काढले, त्याच्या बापानं काढले. तिथं आभाळ दिसतं आणि रोमची माणसं दिसतात, दोन्ही बघण्यासारखी नाहीत. मायेल्ला कुठली दिसायला! मग ह्यानं हे काय काढलं? प्यायला असेल म्हणा. पण पिऊन जर ही पहिलटकरीण काढता येत असेल, तर ती दारू कुठं मिळते तेवढं सांगून जा."

लोरेता हसली नाही. ती हात पुसत दाराशी उभी होती आणि एर्मेतेच्या पाठीकडे पाहत होती.

तो खिडकीशी गेला. बाहेर खरा मायेल्ला होता, अंगणात आल्यासारखा जवळ. लांब उतरता खांदा उजवीकडे, तुटलेला कडा डावीकडे. त्याने मागे वळून चित्रात पाहिले. खांदा डावीकडे, कडा उजवीकडे. पुन्हा बाहेर पाहिले. कुंचल्याचा हात सांगत होता की हे बेरार्दोचे आहे. दुसऱ्या कुणाचे असूच शकत नाही. ज्याने छापील, काळ्यापांढऱ्या कागदावरून नक्कल केली त्याला लोकरीखालचा तो तांबूस रंग कसा सुचणार? आणि जो या खिडकीखालच्या गल्लीत वाढला तो आपल्या डोंगराचा उजवा-डावा कसा चुकणार? दोन्ही प्रश्न तेवढेच खरे होते. अशा वेळी एर्मेते आयुष्यभर छापलेल्याच्या बाजूने उभा राहत आला होता. छापलेले निदान कुणीतरी तपासलेले असते.

"मग?" लोरेताने विचारले.

"चित्र… फार मोठं आहे. म्हणजे, थोर आहे. मी असं पाहिलेलं नाही."

"ते आम्हाला दिसतं, प्रोफेसर. कुणाचं आहे?"

एर्मेतेने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला थोडा वेळ द्या. नीट विचार करून पत्रानं कळवतो."

"पहिल्याच पत्राचं उत्तर यायचंय अजून," लोरेता म्हणाली. मग तिला स्वतःच्या बोलण्याचे वाईट वाटले असावे. तिने टेबलावरून जाळीची नक्षी असलेल्या गरम बिस्किटांची एक चळत कागदात बांधून त्याच्या हातात दिली. "वाटेत खा. घाट लागतो."

दोनातो खिडकीबाहेर पाहत होता. "जाऊ दे त्याला," तो म्हणाला. "बस चुकेल."

*

त्या हिवाळ्यात एर्मेतेचा खोकला हटेना. डॉक्टरांनी सुल्मोनाच्या थंडीला दोष दिला, आणि बहिणीची मुलगी असुंता नवऱ्याची गाडी घेऊन आली. तिचे सासर सान सेवेरोला, खाली पुलियाच्या मैदानात. तिने मामाची ट्रंक भरली, त्यातली निम्मी पुस्तके बाहेर काढली आणि त्याला मागच्या सीटवर दोन शालींत गुंडाळले.

"पूर्वी मेंढ्या उतरायच्या," ती नवऱ्याला म्हणाली. "आता आमचा मामा उतरतो."

ही थट्टा एर्मेतेला आवडली. बेरार्दोच्या काळी राजाचा हुकूमच होता: डोंगरातले सगळे कळप हिवाळ्यात पुलियाच्या कुरणांत उतरलेच पाहिजेत. रोक्कास्पीनाचेही उतरत. पुढे राज्य बदलले, हुकूम गेला, मैदानात नांगर फिरले, आणि त्या बाजूच्या गावांनी रोमची वाट धरली. हे सगळे त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात होते. असुंताला सांगावे म्हणून त्याने तोंड उघडले, पण ती नवऱ्याशी टायरबद्दल बोलत होती.

सान सेवेरोला त्याचा खोकला बरा झाला. पत्र मात्र होईना. असुंताच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो सकाळी कागद घेऊन बसे. ती समोर बसून कडू पाल्याच्या जुड्या निवडत असे.

"मामा, पत्र लिहितोयस की अंडी उबवतोयस?"

"अवघड आहे गं."

"हो किंवा नाही, यात अवघड काय?"

"हो म्हटलं तर पुरावा नाही. नाही म्हटलं तर…" त्याने वाक्य पुरे केले नाही. दोनातोचा आत गेलेला ओठ त्याला आठवला. "नाही म्हटलं तर मी खोटं बोललो असं वाटेल मला."

"मग हो म्हण."

"मला वाटतं, म्हणून ते खरं, असं नसतं असुंता."

"तुझ्या बाबतीत कधीच नसतं," ती म्हणाली आणि जुडी पाण्यात टाकली. आईच्या वळणावर गेलेली ही मुलगी मामाला टोचून बोलायची ते मायेने, हे त्याला कळत होते. तरी टोचले.

फेब्रुवारीच्या अखेरीस उत्तरेचा वारा सुटला. रात्रंदिवस खिडक्यांची झडपे आपटत होती, आणि वारा पडला तेव्हा आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखे झाले होते. असुंताने तुंबलेले धुणे काढले आणि मामाला हाक मारली. एकटीने चादरी वाळत घालता येत नव्हत्या. तो चिमट्यांची टोपली घेऊन जिना चढून गच्चीवर गेला. गच्चीवर तो पहिल्यांदाच येत होता. असुंता त्याला एरवी जिने चढू देत नसे.

पुढे घरांच्या सपाट गच्च्या होत्या, त्यांच्यापुढे ऑलिव्हची झाडे, आणि मग फक्त जमीन. तिला कुठे उंचवटा नव्हता. डोळ्याला थांबायला काही नव्हते म्हणून तो पाहतच गेला, आणि शेवटी, जमीन संपते तिथे, वायव्येला, त्याला एक पांढरा डोंगर दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा, पण धारदार.

"तो कुठला डोंगर?"

असुंताच्या तोंडात चिमटा होता. "कुठला म्हणजे?" ती दातांतून म्हणाली. "तुझाच. मायेल्ला."

"मायेल्ला असा नाही."

"बरं. वारा पडलाय तोवर ओरडून सांग त्याला, तू असा नाहीस म्हणून. टोक धर ते."

त्याने चादरीचे टोक धरले. चादर फुगली, समोर आली आणि खाली बसली. डोंगर तिथेच होता. लांब उतरता खांदा डावीकडे. तुटलेला कडा उजवीकडे.

"मामा, चिमटा दे."

त्याने चिमटा दिला नाही. असुंताने वळून पाहिले, चादर तशीच सोडली आणि त्याचा दंड धरला. "काय झालं? चक्कर येतेय?"

"नाही. मी जरा बसतो."

तिने बादली पालथी केली. तो तिच्यावर बसला. सुल्मोनातून, रोक्कास्पीनातून, आपल्या बाजूच्या कुठल्याही गावातून डोंगराचे जे तोंड दिसे, त्याची ही पाठ होती. साधी गोष्ट. शाळेतल्या पोराला कळावी. डोंगराला दुसरी बाजू असते हे त्याने नकाशात शेकडो वेळा पाहिले होते, आणि तिकडून कुणी आपल्या घराकडे पाहत उभे असेल, हे मात्र त्याच्या मनात आले नव्हते. बर्फ वर आणि कोकरे खाली. सपाट जमीन. ती दुपार रोक्कास्पीनाची नव्हतीच. ती इथली होती, इथल्याच कुठल्यातरी कुरणातली, वारा पडल्यानंतरची. आणि तो पाठमोरा धनगर. कळपाकडे पाठ करून धनगर उभा राहत नाही, असेही त्याने कधीतरी टिपून ठेवले होते, नकलाकाराला चेहरा काढता आला नसावा म्हणून.

"चित्रात डोंगर बराच मोठा आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "अर्धं आभाळ. इथून एवढासाच दिसतो."

असुंताने चादर नीट केली. मग तीही क्षणभर तिकडे पाहत उभी राहिली.

"लग्न होऊन आले तेव्हा वारा सुटला की मी वर यायचे," ती म्हणाली. "धुणं नसलं तरी."

एर्मेतेने तिच्याकडे पाहिले. ती लगेच खाली वाकली आणि पुढची चादर पिळू लागली.

*

संध्याकाळपर्यंत तो आनंदात होता. जेवताना त्याने दोनदा वाढून घेतले आणि असुंताच्या नवऱ्याला बेरार्दोबद्दल इतके सांगितले की तो बिचारा चमचा हातात धरून ऐकत राहिला. बेरार्दो लहानपणी बापाबरोबर इथे उतरत असणार. पुढे मोठ्या लोकांसाठी तो न्हालेल्या मेंढ्या काढत राहिला. आणि हे एकच चित्र त्याने विकले नाही, गावी पाठवले. गावाने ते पाहिले, आणि गाव हसले.

पण सकाळी जाग आली ती जुन्या ओळखीच्या भीतीसह. इतक्या लांबून खांदा आणि कडा त्याला खरेच नीट दिसले होते का? त्याचे डोळे म्हातारे. मनात चित्र भरलेले. माणसाला हवे ते दिसते. एकदा चष्मा पुसून, पाद्रीबाबांचा तो फोटो हातात धरून पुन्हा पाहावे, आणि मगच लिहावे, असे त्याने ठरवले. तो गच्चीवर गेला. दक्षिणेचा दमट वारा सुरू झाला होता, आणि ऑलिव्हच्या पलीकडे दुधासारखा पांढरा पडदा होता.

दुसऱ्या दिवशीही पडदा होता. मार्च तसाच गेला. एर्मेते रोज सकाळी वर जाई, फोटो खिशात घेऊन, आणि खाली येई.

"शेजारीण विचारत होती, तुझ्या मामानं कबुतरं पाळलीत का," असुंता म्हणाली.

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अजून एकही आलेलं नाही."

तिनेही डोंगर पाहिलाच होता, पण त्याने तिला पुन्हा विचारले तेव्हा ती वैतागली. "डावं-उजवं मला काय विचारतोस? मला तो दिसतो, मी त्याला मोजत नाही." तिचे खरे होते. साक्ष म्हणून मात्र ते कागदावर लिहिता येण्यासारखे नव्हते.

त्याने मोठे पत्र लिहिले. त्यात राजाचा हुकूम होता, वाटा होत्या, दिशा होत्या, आणि प्रत्येक परिच्छेदात 'बहुधा' होते, 'असे म्हणता येईल' होते, 'अधिक अभ्यासाअंती' होते. वाचून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आले की या पत्रावरून महापौर कुठलीच पाटी रंगवू शकणार नाहीत. फार तर 'अज्ञात' शब्द जरा बारीक अक्षरांत लिहितील. त्याने ते फाडले.

पवित्र सप्ताह आला. असुंताने घर डोक्यावर घेतले: गव्हाची गोड खीर, अंडी खोवलेले पाव, पितळेची भांडी चकचकीत. एर्मेते टेबलाच्या एका कोपऱ्यावर ढकलला गेला. एक-दोन दिवसांत पोस्ट बंद होईल ते ईस्टरनंतरच उघडेल, आणि तोवर तिकडे पाट्या रंगाऱ्याकडे जातील. रोक्कास्पीनाच्या त्या खोलीत दोनातो खिडकीशी बसला असेल. चित्र भिंतीवरच राहील, धुरात. नाहीतर खाली उतरेल आणि नकलाकाराचे होईल. जत्रेला आलेली माणसे ती पाटी वाचतील आणि नावच वाचून पुढे जातील, त्या मेंढीच्या डोळ्यांपर्यंत कुणी पोचणार नाही.

तो पुन्हा एकदा वर गेला. पांढरे. काहीच नाही. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि डोंगर आठवायचा प्रयत्न करू लागला. पण आठवले ते चित्र. ओल्या रंगातले ओरखडे, तांबूस ऊब, म्हाताऱ्या मेंढीचा ओठ. ते त्याने पाहिले होते, अगदी जवळून, चष्मा काढून. त्या खोलीत, डोंगराबद्दल काहीही ठाऊक नसताना, त्याला ते कुणाचे आहे हे ठाऊक होते. आता तो कशाची वाट पाहत होता?

खाली येऊन त्याने असुंताला पिठाचा पाट सरकवायला सांगितले आणि उभ्या उभ्याच लिहिले:

'लोरेता, मी तुमचे चित्र पाहिले. ते बेरार्दो तोमास्सेत्तीच्या हातचे आहे. त्याने काढलेल्या ज्या चित्रांची मला माहिती आहे त्यांत ते सगळ्यांत श्रेष्ठ आहे. डोंगर उलटा नाही. पुलियाच्या मैदानातून तो तसाच दिसतो. तिथे हिवाळा काढणाऱ्याने तो काढला आहे. मी स्वतः पाहिला. माझ्या पुस्तकातली टीप चुकीची आहे. हे पत्र महापौरांना दाखवा.'

'मी स्वतः' आणि 'पाहिला' यांच्यामध्ये त्याने पेन थोडा वेळ धरून ठेवला. तिथे एक 'बहुधा' मावला असता. मग त्याने खाली सही केली.

असुंताने त्याच्या खांद्यावरून वाचले. "एवढंच? महिनाभर गच्चीवर जाऊन एवढंच?"

"तिकीट आहे का घरात?"

"तंबाखूच्या दुकानात मिळेल. थांब, मी येते. तुझा भरवसा नाही, वाटेत दुरुस्ती करशील."

ती एप्रन न काढताच निघाली. तंबाखूच्या दुकानातून तिकीट घेतले; ते एर्मेतेने स्वतःच्या जिभेवर ओले करून चिकटवले आणि अंगठ्याने दाबले, पुन्हा दाबले. चौकातल्या लाल पेटीला दोन फटी होत्या, एक गावातल्या पत्रांसाठी, एक बाकी सगळ्या ठिकाणांसाठी. तिथून वायव्येचा रस्ता सरळ गावाबाहेर जात होता, आणि त्याच्या टोकाशी डोंगर कुठे असायला हवा हे त्याला आता माहीत होते. तिकडे त्याने एकदा पाहिले. दमट, पांढरे आभाळ होते, बाकी काही नव्हते.

"मामा," असुंता म्हणाली. "माझी खीर लागतेय तिकडे."

एर्मेतेने दुसऱ्या फटीवरचे झाकण वर उचलले आणि पाकीट आत सोडले.